'ईना मीना डीका' आणि पडद्यामागची नावं

पोलादपूर सोडलं की कशेडीचा घाट लागतो. आता बोगदा झाल्यामुळे गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या घाट न चढताच पलीकडे खेड तालुक्यात उतरतात आणि घाटातल्या चहाच्या टपऱ्यांवर पूर्वीसारखी गर्दी नसते. आम्ही ज्या बौद्धवाड्यांमध्ये काम करतो, त्या मात्र अजून जुन्या रस्त्यालाच लागून आहेत. तिथल्या एका विहारात शनिवार-रविवार मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. मागच्या जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवी-आठवीच्या मुलींनी 'ईना मीना डीका'वर नाच बसवायला घेतला. विहाराच्या ओट्यावर मोबाइल ठेवून तालीम चालली होती. समितीतले एक ज्येष्ठ तिथून जात होते. वाडीत लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात.

"ह्यात एक तरी शब्द अर्थाचा हाय का रे? बाबासाहेबांच्या विहारासमोर हा धिंगाणा कशाला? एखादं भीमगीत बसवा."

आबांचं वय ऐंशीच्या घरात. त्यांनी चळवळीसाठी काय काय सोसलं आहे ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची आमची इच्छा नव्हती. "आबा, शाळेचा कार्यक्रम आहे, मुलींना हेच आवडलंय," एवढंच आम्ही म्हणालो. ते काही उत्तर नव्हतं. गाणं आवडतं म्हणून बसवायचं हा युक्तिवाद कोणत्याही भिकार गाण्याला लावता येतो. आबांचा प्रश्न खरं तर चांगला होता: या गाण्यात अर्थ आहे का? त्याचं उत्तर द्यायला आम्हाला काही महिने लागले. ते इथे मांडतो आहोत.

आधी गाण्याची माहिती. १९५७ साली एम. व्ही. रामन यांनी दिग्दर्शित केलेला 'आशा' नावाचा हिंदी चित्रपट आला. नायक किशोरकुमार, नायिका वैजयंतीमाला. गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र. हे सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 'ईना मीना डीका' या चित्रपटात दोनदा येतं, एकदा किशोरकुमारच्या आवाजात आणि एकदा आशा भोसले यांच्या. तेव्हा अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट नुकती उसळली होती. ती हिंदी सिनेमात आणणाऱ्या अगदी पहिल्या गाण्यांत या गाण्याची गणना होते. पुढे १९९४ साली याच शब्दांचं नाव घेऊन एक अख्खा चित्रपट निघाला. घाटातल्या वाडीतली बारा वर्षांची मुलगी आजही त्यावर नाचते, म्हणजे गाणं किती टिकलं ते निराळं सांगायला नको.

गाण्याच्या जन्माची जी हकीकत सांगितली जाते ती अशी. सी. रामचंद्रांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती. राज्य कोणावर येणार हे ठरवण्यासाठी ती इंग्रजीतली एक मोजणी म्हणत होती. ते शब्द रामचंद्र आणि त्यांचे सहायक जॉन गोम्स यांच्या कानावर पडले. दोघांनी त्या मोजणीच्या तालावर स्वतःचे शब्द रचायला सुरुवात केली आणि एकापुढे एक नाद जोडत गेले. गोम्स गोव्याचे. त्यांनी मध्येच आपल्या मायबोलीतले दोन शब्द टाकले, 'माका नाका'. सावंतवाडीकडच्या कोणालाही विचारा, 'माका' म्हणजे 'मला' हे तो लगेच सांगेल. 'माका नाका' म्हणजे 'मला नको'.

म्हणजे आबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे. ज्या गाण्याला अर्थ नाही असं आपण साठ-सत्तर वर्षं म्हणत आलो, त्यात अर्थ असलेले दोन शब्द आहेत. फक्त ते हिंदी नाहीत, म्हणून सगळ्यांनी त्यांना निरर्थक धरलं. ज्या भाषेला घरात-बाजारात जागा आहे पण दरबारात नाही, तिचे शब्द ऐकणाऱ्याला नुसता आवाज वाटतात. समाजशास्त्र शिकताना हे आम्ही जाडजूड पुस्तकांतून वाचलं होतं. सिनेमाच्या गाण्यात ते असं सरळ सापडेल असं वाटलं नव्हतं.

त्या मुलांच्या मोजणीचाही एक इतिहास आहे. तिच्या अमेरिकेतल्या जुन्या रूपात काळ्या माणसासाठीची शिवी होती. मोजता मोजता ज्याला धरायचं, तो काळा माणूस. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोरी मुलं ती बिनदिक्कत म्हणत होती. नंतर त्या जागी वाघ आला आणि मोजणी सोज्वळ झाली. मुंबईत खेळणाऱ्या त्या मुलांना याचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण खेळातलं राज्य कोणावर येतं, हे प्रत्येक समाजाने आधीच ठरवलेलं असतं, एवढं मात्र यातून दिसतं.

आता या गाण्याची चाल ज्या घराण्यातली आहे तिकडे वळू. रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या प्रकाराला 'रॉकाबिली' म्हणतात. 'रॉक' आणि 'हिलबिली' मिळून झालेला हा शब्द. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला अडाणी गोरा गरीब, हिणवण्यासाठी वापरलेला शब्द. मुंबईत आजही 'घाटी' म्हणतात ना, अगदी तसंच. (आम्ही कशेडीच्या घाटात वावरतो, पण कोकणातले असल्यामुळे घाटी ठरत नाही. हिणवण्याचंसुद्धा भूगोलशास्त्र असतं.) म्हणजे रॉकाबिली म्हणजे घाट्यांचं रॉक. या घाट्यांना ताल दिला तो त्यांच्याही खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या काळ्या माणसांनी.

कार्ल पर्किन्सचंच उदाहरण घ्या. 'ब्लू स्वेड शूज' हे रॉकाबिलीचं जगप्रसिद्ध गाणं त्याचं. डिसेंबर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये ते ध्वनिमुद्रित झालं, जानेवारी १९५६ मध्ये बाजारात आलं आणि पुढे एल्विस प्रेस्लीनेही गायलं. पर्किन्स टेनेसीतल्या गोऱ्या खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा. त्याच शेतात जॉन वेस्टब्रुक नावाचा एक वयस्क काळा मजूर होता. दिवसभर कापूस वेचून झाल्यावर त्याने या पोराला गिटार शिकवली. पर्किन्स त्याला 'अंकल जॉन' म्हणायचा आणि आयुष्यभर त्याचं नाव घेत राहिला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण तबकडीवर नाव छापलं गेलं ते पर्किन्सचं.

प्रेस्लीच्या नावावर खपलेलं 'हाउंड डॉग' हे गाणं मुळात बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५२ साली ध्वनिमुद्रित केलं होतं. पुढच्या वर्षी ते काळ्या श्रोत्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लिहिलं होतं दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी, तेव्हा हिशोब सरळ काळा-पांढरा नाही. पण थॉर्नटनच्याच सांगण्यानुसार तिच्या हातात आला तो ५०० डॉलरचा एक चेक. १९५६ साली प्रेस्लीने तेच गाणं गायलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

किशोरकुमारपर्यंतही हा धागा येतो. त्याच्या आवाजातली ती प्रसिद्ध यॉडलिंगची लकब जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून आली. त्या तबकड्या त्याचा भाऊ अनूपकुमार याच्याकडच्या. जिमी रॉजर्स हा हिलबिली संगीताचा बाप समजला जातो. तो मिसिसिपीतला रेल्वे कामगार. पोरवयात रुळांवर काम करणाऱ्या काळ्या मजुरांना पाणी पुरवायचं काम त्याच्याकडे होतं आणि गाणी त्याने त्यांच्याकडून उचलली. महाडच्या माणसाला हे वाचून थोडं थबकायला होतं. तिथे गोरा पोरगा काळ्यांना पाणी पाजत होता आणि बदल्यात गाणी नेत होता. इथे १९२७ पर्यंत आमच्या माणसाने तळ्याला हात लावला तर तळं बाटत होतं.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास इथे कशाला? त्यांना एवढंच सांगायचं की बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना स्वतःहून पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला 'पँथर' हे नाव घेतलं ते तिथूनच. राजकारणात ते आपले आणि गाण्यात परके, असं कसं चालेल?

हा ताल मुंबईत कसा पोहोचला? नुसत्या तबकड्यांमधून नाही. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा काळा वादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे काळे वादक आले. त्यांच्याकडून ही विद्या घेतली ती प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सुरावट लिहायला-वाचायला शिकवत. त्यामुळे हे लोक कागदावरची सुरावट पाहून वाजवू शकत होते. पोटासाठी मुंबईत आले, धोबीतलाव-गिरगावातल्या आपापल्या गावच्या कुडांमध्ये राहिले, रात्री हॉटेलात वाजवलं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यातलं मोठं नाव. जगाला ते चिक चॉकलेट म्हणून माहीत आहेत, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूनही. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी बरंच काम केलं. १९५१ च्या 'अलबेला'त ते आणि त्यांचे वादक पडद्यावरसुद्धा दिसतात. त्या चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शक भगवानदादा, म्हणजे भगवान पालव, हे गिरणी कामगाराचे पोर.

इथे आम्ही सुरुवातीला एक चूक केली होती. मुलींना सांगताना म्हणालो, हे वादक आपल्याच कशेडी घाटातून मुंबईला गेले असतील. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तसं म्हणता येणार नाही. त्या काळात गोव्याची वाट मुख्यतः आगबोटीची आणि रेल्वेची होती. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि त्याही वाटा तुटल्या. 'आशा' आला तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचंच निशाण होतं, ते उतरायला डिसेंबर १९६१ उजाडला. म्हणजे 'माका नाका' हे शब्द आले ते ज्यांचं गाव त्या दिवसांत सरहद्दीपलीकडे होतं अशा माणसांच्या बोलीतून.

या गोवेकर वादकांचं काम काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. 'संगीतकार' म्हणून ज्यांचं नाव येई, ते चाल बांधत. पण त्या चालीला व्हायोलिन कुठे, ट्रम्पेट कुठे, सॅक्सोफोन कुठे, मधल्या रिकाम्या जागेत कोणी काय वाजवायचं, हे कागदावर उतरवणारा माणूस दुसराच असे. त्याला अरेंजर म्हणत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी माणसं. 'ईना मीना डीका'सारख्या गाण्यात तर निम्मं गाणं वाद्यांचंच. पण त्या काळच्या तबकडीवर वादकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती, आणि पडद्यावर फार तर 'सहायक' म्हणून एखादी ओळ. वादकांना पैसे मिळायचे ते त्या त्या ध्वनिमुद्रणाच्या हजेरीचे. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यातला वाटा त्यांचा नाही. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' आणि नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकांमुळे आज यातली बरीच नावं आपल्याला कळतात. त्याआधी ती कळली नाहीत, याला माणसं अज्ञात होती हे कारण नाही. स्टुडिओत त्यांना सगळे ओळखत होते.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजाला आम्ही इथे भोळाभाबडा शोषित ठरवत नाही. धर्म बदलला तरी तिथे बामण, चार्डो, सुदिर ही उतरंड टिकली, चर्चमधल्या कोंफ्रारियासुद्धा जातीवार होत्या. आणि सी. रामचंद्रांनी कोणाचं काही लुबाडलं असंही म्हणायचं नाही. उलट ज्यांनी या वादकांना पुढे आणलं त्यांत ते होते. व्यवस्था मात्र अशी होती की चाल सुचणं ही प्रतिभा आणि ती वाजवणं ही मजुरी. हे वाक्य आपल्या ओळखीचं वाटायला हवं. डोकं एका जातीचं आणि हात दुसऱ्या जातीचे, हीच तर आपल्याकडची जुनी वाटणी.

शुद्धतेचं राजकारणही याच वर्षांतलं. १९५२ साली बी. व्ही. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. अभिजात संगीत हेच खरं भारतीय संगीत आणि सिनेमाचं संगीत म्हणजे पाश्चात्त्य भेसळ, अशी त्यांची धारणा होती. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश बुधवारची वाट पाहू लागला. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. 'आशा'चं वर्षही तेच. आबा जेव्हा 'धिंगाणा' म्हणतात, तेव्हा तो शब्द त्यांचा स्वतःचा नाही असं आम्हाला वाटतं. कोणतं संगीत सोवळं आणि कोणतं ओवळं हे ठरवणाऱ्यांचा तो शब्द आहे. आणि त्यांच्या यादीत आपलं भीमगीतही कधी सोवळं नव्हतं.

आबांना हे सगळं सांगायला आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'माका नाका'चा अर्थ कळल्यावर हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या लेखात मुळात नव्हतं.

त्यांचे वडील खालूबाजात सनई वाजवायचे. शिमग्याला पालखी निघाली की पुढे यांचं वाजप. रात्रभर वाजवायचं, पण सहाणेवर पाय ठेवायचा नाही. बिदागी म्हणून जे मिळायचं ते वरून हातात टाकलेलं. महाडच्या सत्याग्रहानंतर वाडीत एकेक काम सोडायची चर्चा सुरू झाली आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी सनई वाजवायची नाही असं ठरवलं. "गावाने लय धमकावलं. पण बाप म्हणाला, नको म्हणजे नको. सनई माळ्यावर टाकली ती टाकलीच." आबा थोडं थांबून म्हणाले, "पण वाजवायचा लय गोड. आता ते कुणाला म्हाईत? माझ्या पोरांना पण म्हाईत नाय."

याला काय उत्तर देणार? वाजवणं सोडलं ते बरोबरच होतं. ती कला नव्हती, वेठ होती. पण वेठ सोडताना वाजवणाऱ्याचं नावही गेलं, आणि ते गावाने पुसलं तसं आपणही पुसलं. ही गोष्ट आपल्याला बोचायला हवी. वामनदादा कर्डकांचं नाव आपण घेतो, प्रल्हाद शिंदेंचं घेतो. त्यांच्यामागे ढोलकीवर कोण होतं, पेटीवर कोण, कोरसात कोणत्या बाया होत्या? भीमगीतांच्या किती कॅसेटींवर ही नावं आहेत? आपल्या जयंतीच्या पत्रिका काढून बघा. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, विनीत म्हणून तीस-तीस नावं असतात, प्रत्येकापुढे 'आयु.' किंवा 'मा.' असतं. आणि ज्यांचं गाणं ऐकायला पाच वाड्यांची माणसं येतात, त्या पार्टीच्या गायकाच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'आणि साथीदार'. सिनेमावाल्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

स्नेहसंमेलनात मुलींनी नाच केला. निवेदन करणाऱ्या मुलीने आधी संगीतकार-गायकांची नावं सांगितली आणि मग जॉन गोम्स यांचं. 'माका नाका'चा अर्थही सांगितला. मंडपातल्या चाकरमान्यांना फार मौज वाटली. आबा आले होते, मागे खुर्चीवर बसून होते. नाच आवडला का ते आम्ही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये जयंतीची पत्रिका छापायला महाडला गेलो. या वेळी समितीने ठरवून ढोलकी, पेटी, बँजो आणि कोरस यांची सहा नावं दिली होती. त्यांच्याखाली एक ओळ आबांच्या सांगण्यावरून होती: त्यांच्या वडिलांचं नाव आणि पुढे कंसात 'सनईवादक'. छापखान्यातला मुलगा मजकूर बसवताना म्हणाला, "सर, जागा पुरत नाही. ही खालची नावं काढून 'आणि साथीदार' टाकू का?" आम्ही विनीतांमधली आमची नावं काढायला सांगितली.